चुलत्यांच्या निधनानंतर बँक, पीएफ, सातबारा, फ्लॅट: कोणतं काम आधी, कोणतं नंतर?

नीराकाठ:

बारा दिवसांपूर्वी चुलते गेले. वय ५३. पुण्यातल्या खासगी रुग्णालयात, हृदयविकाराने. मृत्युपत्र नाही. कागदपत्रांची धावपळ माझ्याकडे आली आहे म्हणून विचारतोय. स्थिती अशी:

मागे काकू, लग्न झालेली मुलगी (वय २८), मुलगा १७ वर्षांचा, आणि गावी आमची आजी, म्हणजे चुलत्यांची आई.

चाकणच्या खासगी कारखान्यात कायम नोकरी, २१ वर्षांचा पीएफ. पगार खातं राष्ट्रीयीकृत बँकेत, नॉमिनी काकू. त्याच बँकेत दोन मुदत ठेवी, त्यांना नॉमिनी नाही. जिल्हा बँकेत बचत खातं, तिथेही नॉमिनी नाही. एलआयसीच्या दोन पॉलिसी. चिंचवडला फ्लॅट, एकट्याच्या नावावर, गृहकर्ज चालू. कोरेगाव तालुक्यात (जि. सातारा) भावाबरोबर सामाईक सातबारा, विकास सोसायटीचं पीककर्ज. एक दुचाकी.

प्रश्न: (१) सुरुवात कुठून? (२) एटीएम कार्ड आणि पिन काकूंकडे आहे. बँकेला कळवण्याआधी पैसे काढून ठेवा असं नातेवाईक सांगतात. काढावेत का? (३) बँकेत तोंडी सांगितलं की 'वारस दाखला आणा'. तो तहसीलमध्ये मिळतो का?

---

कागदोपत्री:

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते उद्यावर टाकता येत नाही. काढू नका. खातेदार गेल्यावर त्याचं कार्ड किंवा यूपीआय वापरायचा अधिकार कुणालाच राहत नाही, पत्नीलाही नाही. काकू नॉमिनी आहेत, पगार खात्यातले पैसे त्यांना रीतसर मिळणारच आहेत. उद्या वारसांत कुरबुर झाली तर 'मृत्यूच्या तारखेनंतर रक्कम कोणी काढली' हा उताऱ्यावरचा पहिला प्रश्न असतो. संयुक्त खातं 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या प्रकारचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे हयात खातेदार व्यवहार करू शकतो. तुमचं तसं दिसत नाही.

आता सुरुवात. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्या निबंधकाकडे होते, राहत्या गावात नाही. रुग्णालय पुणे महापालिकेच्या हद्दीत असेल तर दाखला पुणे महापालिकेचा, मग माणूस चिंचवडला राहत असो की कोरेगावला. ग्रामपंचायतीत खेटे घालणारे पुष्कळ भेटतात. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ नुसार मुदत २१ दिवसांची. रुग्णालयातला मृत्यू असल्यामुळे माहिती रुग्णालयानेच पाठवायची असते, पण ती पाठवली का आणि नाव कसं लिहिलं हे तेराव्याची वाट न बघता विचारून घ्या. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क भरून काम होतं, ३० दिवसांनंतर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि एक वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. स्मशानातली पावती म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे, बँक ती घेणार नाही.

खरा घोळ नावात होतो. आधारवर 'बाळासाहेब', सातबाऱ्यावर 'बाळू', पीएफला फक्त आद्याक्षरं आणि दाखल्यावर रुग्णालयाच्या कारकुनाने ऐकलं तसं. दाखल्यावरचं नाव, वडिलांचं नाव आणि कायमचा पत्ता आधारशी अक्षर न् अक्षर जुळतोय ना हे प्रत हातात घेण्यापूर्वी वाचा. दुरुस्ती होते, पण त्याच निबंधकाकडे, आणि त्यात आठवडे जातात. तेवढ्यात बाकी सगळे दावे अडकतात. आठ-दहा प्रती एकदमच घ्या. बहुतेक ठिकाणी मूळ प्रत पाहून परत देतात, तरी दोन-तीन ठिकाणी ठेवून घेतात.

तिसरा प्रश्न. आपल्याकडे सर्व कामांना चालेल असा वारस दाखला तहसीलदार देत नाहीत. महाराष्ट्रात वारस प्रमाणपत्र दिवाणी न्यायालयातून मिळतं, १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली. ठेवी, रोखे, येणं अशा रकमांसाठीचं उत्तराधिकार प्रमाणपत्र वेगळं, ते भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ खाली. दोन्हींना वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, वकील, कोर्ट फी आणि काही महिने लागतात. तुमच्या यादीतल्या बहुतेक कामांना यातलं काहीच लागू नये. काउंटरवर 'वारस दाखला आणा' म्हणणं सोपं असतं, म्हणून म्हणतात. कोणत्या नियमाखाली आणि कोणत्या रकमेसाठी, ते लेखी मागा.

आणखी एक. मोबाइलचं सिम बंद करू नका, रिचार्ज चालू ठेवा. ओटीपी, विम्याचे संदेश, म्युच्युअल फंडाचं एकत्रित विवरण सगळं त्याच क्रमांकावर आणि ईमेलवर येतं. काय काय आहे ते आधी शोधायचं, मग दावे करायचे, बंद करायचं ते सगळ्यात शेवटी. लोक नेमका उलटा क्रम लावतात.

---

खातेवही:

बँकेपुरतं लिहितो.

दावा करण्यापूर्वी पगार खात्याचा किमान तीन वर्षांचा उतारा मागा आणि एकेक ओळ वाचा. मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना. मृत्यू कशानेही होवो, दोन लाख मिळतात. ५० वर्षांपर्यंत नाव नोंदवता येतं आणि हप्ता चालू असेल तर संरक्षण ५५ पर्यंत राहतं, म्हणजे ५३ ला ते लागू आहे. २० रुपये कापलेले असतील तर ती सुरक्षा विमा योजना, पण ती फक्त अपघातासाठी, इथे उपयोग नाही. दोन बँकांतून ४३६ कापले असतील तरी रक्कम एकदाच मिळते. पहिल्यांदाच नाव नोंदवलं असेल तर पहिल्या ३० दिवसांत अपघाताशिवाय झालेल्या मृत्यूला भरपाई नाही. दावा शाखेतच करायचा: दावा अर्ज, मृत्यू दाखला, नॉमिनीची ओळख आणि बँक तपशील. हा अर्ज शक्यतो ३० दिवसांत द्या. शाखा स्वतःहून 'तुमच्या खात्याला विमा आहे' असं सांगेल या भरवशावर राहू नका. पगार खात्याबरोबर बँकेचा स्वतंत्र गट विमा असतो का, हेही त्याच अर्जात विचारा.

उताऱ्यात आणखी काय बघायचं: दरमहा किंवा दरवर्षी कापली जाणारी कोणतीही ठरावीक रक्कम. एसआयपी, आरडी, आरोग्य विमा, पतसंस्थेची वर्गणी. घरच्यांना माहीत नसलेल्या गोष्टी इथेच सापडतात.

पगार खातं: नॉमिनी आहे, म्हणून दावा अर्ज, मृत्यू दाखला आणि काकूंचं ओळखपत्र, एवढंच. वारस प्रमाणपत्र, हमीपत्र, जामीनदार यातलं काही मागता येत नाही.

नॉमिनी नसलेल्या ठेवी: रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या दाव्यांसाठी एकसारखे निर्देश काढले आणि बँकांना ते ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू करायला सांगितले. त्यानुसार नॉमिनी नसेल आणि एकूण रक्कम व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत असेल तर सोपी पद्धत वापरायची आहे. त्यात दावा अर्ज, मृत्यू दाखला, दावेदारांची ओळखपत्रं, नुकसानभरपाईचं हमीपत्र, पैसे न घेणाऱ्या वारसांचं ना-हरकत पत्र, आणि कुटुंबाला ओळखणाऱ्या पण वारस नसलेल्या त्रयस्थ व्यक्तीचं वारसांबाबतचं प्रतिज्ञापत्र एवढं येतं. या मर्यादेत त्रयस्थ जामीनदार मागायचा नाही. सगळी कागदपत्रं मिळाल्यापासून १५ दिवसांत निकाल लावायचा, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर ठेवीच्या रकमेवर रिझर्व्ह बँकेचा 'बँक दर' अधिक ४ टक्के दराने व्याज द्यायचं. म्हणून अर्जाची पोच तारखेसह घ्या. पोच नसेल तर पंधरा दिवस मोजायचे कुठून?

मुदत ठेव मुदतीआधी मोडली तरी खातेदाराच्या मृत्यूमुळे मोडताना दंड लावत नाहीत. मोडायची गरज नसेल तर मुदत संपेपर्यंत ठेवता येते, दर चांगला असेल तर तसंच करा.

एक इशारा. बँकेला मृत्यू कळवला की खात्यातून जाणारे आपोआप हप्ते थांबतात. गृहकर्जाचा हप्ता याच खात्यातून जात असेल तर कळवण्याच्या दिवशीच कर्ज विभागाला दुसऱ्या खात्याचा आदेश द्या.

---

फंडवाला:

कारखान्याकडून येणाऱ्या रकमा बाकी सगळ्यांपेक्षा मोठ्या असतील, म्हणून हे काम पहिल्या आठवड्यात चालू करा.

पीएफमध्ये तीन वेगळे हक्क आहेत. भविष्य निधीची जमा (फॉर्म २०), पेन्शन (फॉर्म १०-डी) आणि ठेव संलग्न विमा म्हणजे ईडीएलआय (फॉर्म ५-आयएफ). मृत्यूसाठी तिन्हींचा एकत्रित अर्जही आहे. बरेच जण पीएफची जमा घेऊन थांबतात. विम्याचं कोणी सांगतच नाही, कारण त्याचा हप्ता कामगाराच्या पगारातून कापला जात नाही, मालक भरतो. नोकरीत असताना मृत्यू झाला तर सरासरी मासिक वेतन (१५,००० च्या मर्यादेत) गुणिले ३५, अधिक पीएफ शिलकीच्या सरासरीचा निम्मा भाग (१ लाख ७५ हजारांपर्यंत). २१ वर्षांच्या नोकरीत ही रक्कम सहसा ७ लाखांच्या कमाल मर्यादेला टेकते.

इथे अडकतं कुठे? कंपनीच्या एचआरने पोर्टलवर नोकरी सोडल्याचं कारण 'नोकरीत असताना मृत्यू' असं न टाकता सरसकट 'नोकरी संपली' टाकलं तर विम्याचा दावा परत येतो. दावा भरण्याआधी कारण आणि तारीख दोन्ही तपासून घ्या. तारीख मृत्यूच्या दाखल्याशी जुळली पाहिजे.

पैसे कोणाला, हे नीट वाचा, कारण पीएफचे नियम वारसा कायद्याप्रमाणे चालत नाहीत. वैध नामांकन असेल तर नॉमिनीला. नसेल तर कुटुंबातल्या सदस्यांना समान वाटे, पण त्यातून सज्ञान मुलगे आणि ज्यांचे पती हयात आहेत अशा विवाहित मुली वगळलेल्या आहेत. म्हणजे तुमच्याकडे नामांकन नसल्यास काकू, १७ वर्षांचा मुलगा, आणि आजी चुलत्यांवर अवलंबून असतील तर त्या. मुलगी नाही. शेतीत मात्र तिचा पूर्ण हिस्सा आहे. हा फरक घरात आधीच समजावून सांगा, नाहीतर 'मला डावललं' इथून सुरुवात होते.

पेन्शन नॉमिनीवर अवलंबून नसते, ती विधवेला आणि २५ वर्षांखालील दोन मुलांपर्यंत मिळते. मुलाला विधवेच्या पेन्शनच्या २५ टक्के, वेगळी. मुलाच्या नावाने स्वतंत्र बचत खातं आत्ताच उघडा.

काकूंचं आधार माहेरच्या नावाने, बँक सासरच्या नावाने असं असेल तर आधी ते सारखं करा. फेटाळलेल्या दाव्यांत हे कारण फार वेळा दिसतं.

कंपनीकडे लेखी पत्र द्या आणि त्यात प्रत्येक गोष्ट नावाने मागा: ग्रॅच्युइटी (मृत्यूच्या बाबतीत पाच वर्षांच्या नोकरीची अट नसते), शिल्लक रजेचा पगार, बोनस, गट विमा, कामगार पतसंस्थेतले भाग आणि ठेव, आणि मृत्यूच्या तारखेपर्यंतचा फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला).

---

नीराकाठ:

सगळ्यांचे आभार. दाखल्यात आडनावाची चूक निघाली, दुरुस्तीला दिली. दोन शंका. एलआयसीच्या जुन्या पॉलिसीत नॉमिनी आजी आहे (लग्नाआधीची पॉलिसी), दुसरीत काकू. आजीवाल्या पॉलिसीचं काय? आणि तलाठी म्हणाले की आई (म्हणजे काकू), मुलगा यांची नावं लावून टाकू, मुलीचं हक्कसोड घेऊन या.

---

सजा कचेरी:

सातबाऱ्याचं मी सांगतो, आणि तलाठी जे म्हणाले ते तसंच करू नका.

मृत्युपत्राशिवाय गेलेल्या हिंदू पुरुषाचे पहिल्या वर्गातले वारस: पत्नी, मुलगे, मुली आणि आई. वडील त्यात नाहीत, आई आहे. वारस नोंदीच्या अर्जात सर्वाधिक वगळलं जाणारं नाव आईचं असतं, त्याखालोखाल विवाहित मुलीचं. तुमच्याकडे चार वारस आहेत. चौघांची नावं लागली पाहिजेत. कोणाला हक्क सोडायचा असेल तर तो नंतर, स्वतंत्र नोंदणीकृत दस्ताने. वारस नोंद आणि हक्कसोड ही वेगवेगळी कामं आहेत, एकाला दुसऱ्याची अट घालता येत नाही. कागदावर 'माझा हिस्सा नको' असं लिहून घेतलेलं नोटरी केलेलं पत्र जमिनीच्या बाबतीत उपयोगाचं नाही, हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं.

आणि १७ वर्षांच्या मुलाचा हिस्सा कोणी सोडून देऊ शकत नाही. त्याचं नाव आईच्या पालकत्वाखाली 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) म्हणून लागेल. अज्ञानाची (१८ वर्षांखालच्याची) मिळकत विकायला किंवा गहाण ठेवायला न्यायालयाची परवानगी लागते. वर्षभराने तो १८ चा झाला की वयाचा पुरावा देऊन पालकाचा शेरा कमी करून घ्या. हा शेरा माणूस चाळीशीचा झाला तरी उताऱ्यावर तसाच राहिलेला पुष्कळदा सापडतो आणि कर्जाच्या वेळी आठवतो.

प्रक्रिया: महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार वारसाने तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं. अर्ज तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) किंवा महाभूमीच्या ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन. सोबत मृत्यू दाखला, सातबारा आणि ८-अ (खातेउतारा), सर्व वारसांची आधार, शिधापत्रिका, वारसांची नावं, वय, नातं, पत्ता लिहिलेलं प्रतिज्ञापत्र. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक माफ आहे, ५०० रुपयांचा स्टँप आणायला सांगितलं तर हे नम्रपणे दाखवून द्या. आधी गाव नमुना ६-क म्हणजे वारस नोंदवहीत नोंद होते, मग फेरफार (नमुना ६) धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस आणि चावडीवर प्रसिद्धी, हरकतीला १५ दिवस. हरकत नाही तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतात आणि नाव सातबाऱ्यावर येतं. हरकत आली तर तक्रार केस होते आणि महिने लागतात.

सामाईक सातबारा असल्यामुळे दोन गोष्टी बघा. चुलत्यांचा हिस्सा आणेवारीने किंवा क्षेत्राने लिहिलाय का? आणि भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर) असा शेरा आहे का? असेल तर आधी चुलत्यांचंच नाव स्वतंत्रपणे लागलेलं आहे ना ते तपासा, नाहीतर वारसांना लावायला खाली जागाच सापडत नाही.

सातबाऱ्यावर 'इतर हक्कात' सोसायटीचा बोजा (कर्जाची नोंद) असला तरी वारस नोंद अडत नाही. बोजा तसाच राहतो, जमिनीबरोबर वारसांकडे येतो. कर्ज वारसांना मिळालेल्या मिळकतीच्या मर्यादेतच वसूल होतं, काकूंच्या स्वतःच्या दागिन्यांवर किंवा पगारावर नाही. सोसायटीच्या सचिवाला पत्र देऊन चुलत्यांच्या भागांची रक्कम आणि कर्जाला विमा होता का, हे विचारा.

पीएम-किसानचा हप्ता त्यांच्या नावाने येत असेल तर मृत्यू कळवा. नंतर जमा झालेला हप्ता परत मागतात. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर आलेल्यांना नवीन नोंदणी मिळत नाही, पण वारसाने आलेली जमीन त्याला अपवाद आहे, म्हणून फेरफार झाल्यावर काकूंचा अर्ज करता येतो.

जाता जाता, हे वाचणाऱ्या इतरांसाठी: मृत्यू सर्पदंश, वीज, पाण्यात बुडणं, ट्रॅक्टर, रस्ता अशा अपघाताने झाला असता तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत दोन लाख मिळतात, वय १० ते ७५, प्रस्ताव ३० दिवसांत, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. त्यासाठी पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन हवं. ग्रामीण भागात 'कशाला चिरफाड' म्हणून सरळ अंत्यविधी होतात आणि मग पुरावाच उरत नाही.

---

खातेवही:

आजी नॉमिनी असलेल्या पॉलिसीबद्दल. विमा कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी, मुलं यांना 'लाभार्थी नॉमिनी' धरलं आहे. त्यामुळे एलआयसी रक्कम आजीच्या खात्यात देईल आणि मोकळी होईल. बँक ठेव, शेअर यांत नॉमिनी हा फक्त पैसे स्वीकारणारा विश्वस्त, मालक सगळे वारस. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. विम्यात वारसांनी वाद नेला तर उच्च न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत. सरळ मार्ग असा: आजीने दावा करून पैसे घ्यावेत आणि नंतर स्वेच्छेने सुनेला किंवा नातवाला द्यायचे तर चेकने द्यावेत. 'नॉमिनी बदलून द्या' असा अर्ज आता कोणी करू शकत नाही, तो हक्क पॉलिसीधारकाबरोबर संपला.

दाव्याला: मूळ पॉलिसी बाँड, मृत्यू दाखला, दावेदाराचा अर्ज (फॉर्म ३७८३), बँक तपशील. पॉलिसी तीन वर्षांच्या आतली असेल तर रुग्णालय आणि डॉक्टरांचे जादा फॉर्म मागतात. तीन वर्षं उलटल्यावर 'आजार लपवला' या कारणाने पॉलिसीवर प्रश्न उपस्थित करता येत नाही, विमा कायद्याचं कलम ४५. हप्ते थकून बंद पडलेली पॉलिसीही टाकून देऊ नका, ठरावीक वर्षं हप्ते भरलेले असतील तर काही रक्कम निघते.

बंद पडलेली, विसरलेली बँक खाती शोधायला रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यांची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण हक्क संपत नाही, मूळ बँकेतूनच मागायची.

---

वास्तू-विभाग:

फ्लॅटबद्दल अजून कोणी लिहिलं नाही.

पहिलं काम कर्जाचं. मंजुरीपत्र आणि कर्ज वितरणाचा तक्ता काढा. कर्ज देताना विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवलेला असतो, त्यामुळे घरच्यांना तो वेगळा दिसत नाही. विमा असेल तर विमा कंपनी थकीत कर्ज फेडते आणि फ्लॅट मोकळा होतो. पण दावा मंजूर होईपर्यंत हप्ता चुकवू नका, 'विमा आहे ना' म्हणून तीन महिने थांबलेल्यांचं खातं थकीत होतं.

दुसरं, सोसायटी. नामांकन असेल तर नॉमिनी सहा महिन्यांत अर्ज करून हंगामी सदस्य होतो, मालक नाही. नामांकन नसेल तर सोसायटी जाहीर नोटीस देऊन हरकती मागवते आणि वारसांपैकी ज्याचं नाव सर्वांनी मिळून सुचवलं त्याला हमीपत्र घेऊन दाखल करते. वारसाच्या नावे हस्तांतर करताना हस्तांतरण प्रीमियम घेता येत नाही. भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) नाव चढलं म्हणजे फ्लॅट एकट्याचा झाला असं समजू नका. विकताना खरेदीदाराची बँक चौघांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोड मागेल, आणि मुलगा अज्ञान असताना तर न्यायालयाची परवानगी. विकायचाच विचार असेल तर तो १८ चा होईपर्यंत थांबणं स्वस्त पडतं.

मालमत्ता कर आणि वीजबिलावरचं नाव सावकाश बदललं तरी चालतं. ते मालकीचे पुरावे नाहीत.

---

कागदोपत्री:

उरलेलं थोडक्यात.

दुचाकी: आरटीओला ३० दिवसांत कळवायचं, तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलायचं. तेवढे तीन महिने वारसाला गाडी वापरता येते. विमा पॉलिसीवरचं नावही बदला, अपघात झाला तर मृत माणसाच्या नावावरच्या पॉलिसीवरून वाद होतो.

आयकर: १ एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचं विवरणपत्र वारसाने भरायचं, त्याआधी ई-फायलिंगवर 'कायदेशीर प्रतिनिधी' म्हणून नोंद करायची. पॅन त्यानंतर रद्द करा. आधी रद्द केला तर परतावा अडकतो.

आधार: मायआधार पोर्टलवर कुटुंबातल्या व्यक्तीचा मृत्यू कळवण्याची सोय २०२५ पासून आहे. पीएफ, बँक, विमा हे सगळं मिटल्यावर करा. मतदार यादीतलं नाव कमी करायला फॉर्म ७.

आणि श्रद्धांजलीच्या जाहिरातीत जन्मतारीख, पूर्ण पत्ता, मोबाइल क्रमांक छापू नका. त्यानंतर 'तुमचा विम्याचा दावा मंजूर झालाय, प्रक्रिया शुल्क भरा' असे फोन येतात. एलआयसी, पीएफ कार्यालय किंवा बँक दावा देण्यासाठी आधी पैसे मागत नाही.

---

नीराकाठ:

शेवटचा प्रश्न. आजी सही करत नाही, अंगठा देते, आणि प्रवास झेपत नाही. तिचं ना-हरकत आणि एलआयसीचा अर्ज कसा करायचा?

---

खातेवही:

अंगठा चालतो. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि मजकूर मराठीत वाचून दाखवल्याची ओळ अर्जावरच लिहा. साक्षीदार वारसांपैकी नकोत. बँकेचं ना-हरकत असेल तर तिच्या गावाजवळच्या त्याच बँकेच्या शाखेत ओळख पटवून सही साक्षांकित करता येते, मूळ शाखेत यायची सक्ती नाही. ७० वर्षांवरच्या ग्राहकांसाठी घरपोच सेवेची सोय आहे, त्यासाठी लेखी अर्ज द्या. एलआयसीलाही सातारा जिल्ह्यातल्या जवळच्या शाखेत अर्ज दिला तर तो मूळ शाखेकडे पाठवला जातो.

---

सजा कचेरी:

सातबाऱ्यासाठी आजीने यायची गरज नाही, अर्जदार कोणीही एक वारस असू शकतो. फक्त नोटीस तिला बजावली जाईल, तिथे अंगठा घेतात. पुढे कधी तिला हक्कसोड द्यायचंच असेल तर आजारी किंवा वृद्ध व्यक्तीसाठी दुय्यम निबंधक घरी येऊन दस्त नोंदवतात, गृहभेटीचं शुल्क भरून. त्या वेळी ती काय सोडते आहे हे तिला कुटुंबाबाहेरच्या माणसाने समजावून सांगितलेलं असावं. तिच्या नावावर दुसरं काही नसेल तर मी तरी हा हिस्सा तिच्याकडेच राहू द्या म्हणेन.